भागीरथाची चाचणी

"सदर संगणक प्रणालीची कार्यान्वयनापूर्वी संपूर्ण चाचणी घेण्यात आली असून सर्व चाचण्या यशस्वी झाल्या आहेत. सबब, रुग्णाची नोंद प्रणालीतून नाहीशी होणे संभवत नाही. संबंधित कर्मचाऱ्याने ती मुळातच भरली नसावी."

चंद्रपुरातल्या एका धर्मादाय रक्तकेंद्राने नेमलेल्या चौकशी समितीच्या, २००९ सालच्या सप्टेंबरातल्या प्राथमिक अहवालात ही तीन वाक्ये आहेत. तिन्ही घडीव आहेत. पहिल्यात शोधूनही खोटे सापडत नाही: सर्व चाचण्या खरोखरच यशस्वी झाल्या होत्या, कारण जी झाली नव्हती तिला मोजणीआधीच बाहेर काढले होते. नापास होणार अशा पोरांना परीक्षेच्या दिवशी घरी बसवून शाळेने शंभर टक्के निकालाचा फलक लावावा, त्यातला हा प्रकार. दुसरे वाक्य पहिल्याच्या खांद्यावर चढून बोलते. 'सबब' एवढा एक शब्द ठेवून दिला की मधली पायरी कोणी तपासत नाही, हे समितीला दीर्घ अनुभवाने ठाऊक असावे. तिसऱ्या वाक्यात माणूस येतो. येतो तो दोष अंगावर घेण्यापुरता; त्याला नावसुद्धा दिलेले नाही.

नाव होते नाहीद शेख. ती रक्तकेंद्रात तंत्रज्ञ होती. रक्तगट तपासणे, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणे ही तिची जुनी कामे, आणि जानेवारीत नवी प्रणाली आल्यापासून सगळ्या नोंदी संगणकात भरणे हे तिच्या गळ्यात पडलेले नवे काम. ज्या चाचण्यांच्या यशावर तिच्याविरुद्धचा निष्कर्ष उभा होता त्या चाचण्या लिहिणाऱ्याचे नाव होते अश्विन खोब्रागडे. उरकुडे कॉम्प्युटर्सच्या माडीवरच्या कचेरीत अहवालाची प्रत त्याने उभ्यानेच वाचली. हातातल्या कपातला चहा तसाच राहिला.

मालक गुणवंतराव उरकुडे खुर्चीत मागे रेलले होते. "वाचलं काय बे? आपल्यावर एक डाग नाई. तुह्या चाचण्यांनं वाचवलं आपल्याले. खाली सांग, समोसे पाठवा म्हणा."

"भाऊ, त्या मॅडमची नोकरी जाईन."

"जाईन त जाईन. आपन काय तिले नोंद भरू नको म्हटलं होतं?" गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. कामगाराच्या पोराची फी भरणारे, गणपतीला मोकळ्या हाताने वर्गणी देणारे ते गृहस्थ होते. अशा गृहस्थांची एक सोय असते: दुसऱ्याचे वाईट होताना त्यांना त्याचे कारण दिसत नाही. अश्विनला ते दिसत होते. जानेवारीपासून दिसत होते.

प्रणाली त्याने एकट्याने बांधली होती. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या एका वेब फ्रेमवर्कच्या तयार सांगाड्यावर, एका पडीक सर्व्हरवर, आणि पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे छापून काढलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर. रचना सुबक होती. 'व्यक्ती' हा मूळ तक्ता: नाव, गाव, वय, रक्तगट. त्याच्या पोटी दोन तक्ते, 'दाता' आणि 'रुग्ण'. दात्याने रक्त कधी दिले, रुग्णाने कधी घेतले, एवढेच त्या पोटतक्त्यांत राही. नावगाव दोघांनाही 'व्यक्ती'कडून मिळे. बापाच्या घरातले पोरांनी वापरावे तसे. एकच माणूस दाताही असेल आणि रुग्णही, तर त्याचे नाव दोनदा लिहायला नको. मूळ नोंद एक, तिला दोन पोरे. अश्विनला स्वतःच्या या मांडणीचा अभिमान होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

पण त्या फ्रेमवर्कचा एक नियम होता, आणि तो त्याच्या दस्तऐवजात कोणीही वाचावा असा लिहिलेला होता. 'दाता' नोंद पुसली की फ्रेमवर्क तिच्या वरची 'व्यक्ती' नोंदही पुसतो. आणि 'व्यक्ती' गेली की तिला लटकलेले जे जे आहे ते सगळे जाते. म्हणजे ज्याची दात्यांतून नोंद काढली, तो माणूस रुग्णांतूनही जाई. कोणी काही न विचारता, कुठे काही न दिसता.

हे अश्विनला कळले ते त्याने लिहिलेल्या एका चाचणीमुळे. चाचण्या लिहिताना तो बनावट माणसे तयार करी, त्यांना दाता करी, रुग्ण करी, त्यांच्या नोंदी बदली, पुसी, आणि मागे काय उरले ते पाही. सगळ्या बनावट माणसांची नावे त्याने बनावटच ठेवली होती. एका चाचणीत मात्र त्याने आपल्या आईचे नाव घातले: भागीरथा, गाव चिमूर, दाता आणि रुग्ण. चाचणी अशी होती की भागीरथाला दात्यांतून काढायचे आणि ती रुग्णांत शिल्लक आहे ना ते पाहायचे. ती शिल्लक राहिली नाही. पडद्यावर लाल ओळ उमटली: जुळणारी नोंद अस्तित्वात नाही.

अशी चाचणी दुसऱ्या कोणाला सुचली नसती. ज्याच्या अंगात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार आहे, ज्याला दर काही महिन्यांनी दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते, तो दात्यांच्या यादीत येईलच कसा? पुस्तकी उत्तर: येणार नाही. चिमूरच्या वस्तीतले उत्तर वेगळे होते. तिथे चौदा एप्रिलला पंचशील ध्वजाखाली रक्तदान शिबिर लागे, आणि प्रत्येक घरातून एक तरी नाव पडे. ज्या घरात सगळेच आजारी, तिथला आजारी माणूस नाव लिहून रांगेत बसे. डॉक्टर डोळ्याची पापणी खाली ओढून बघत, बोटाला सुई टोचत, मान हलवून 'नाही' म्हणत. मग तो माणूस केळे आणि बिस्किटाचा पुडा घेऊन ताठ मानेने घरी जाई. वस्तीने रक्त मागायला सगळ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. वर्षातून एक दिवस तरी तिला देणाऱ्यांत मोजून घ्यायचे होते. भागीरथाबाई मरेपर्यंत दरसाल बसली. "घेनाऱ्याच्या रांगेत त जलमभर बसली," ती म्हणे, "एक दिवस देनाऱ्याच्या रांगेत बसू द्या ना बाप्पा." अश्विनच्याही रक्तात तिच्याकडून आलेला त्या आजाराचा अर्धा वाटा होता. तोही लहानपणी तिच्या शेजारी बसून केळे खाऊन आला होता.

तेव्हा चूक कोणत्या जागी आहे ते त्याला ठाऊक होते आणि तिथे पाय कोणाचा पडणार तेही ठाऊक होते. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी त्याने गुणवंतरावांना सांगितले की अजून चार-पाच दिवस लागतील, तक्त्यांची मांडणी बदलावी लागेल.

"काऊन?"

"एखादा रुग्ण दाताही असन तर दात्यातून काढल्यावर रुग्णातूनही पुसल्या जाते."

गुणवंतरावांनी त्याच्याकडे पाहिले आणि ते मनापासून हसले. "बिमार मानूस रक्त देते काय बे? कोनत्या गावचा आहेस तू?"

"चिमूरचा."

"मंग डोकं तिथीच ठेवून आला काय? उद्या दहा वाजता फीत कापाची आहे. पाहुने नागपुरावरून निंघाले. सगळं हिरवं पाहिजे मले."

उत्तर द्यायला एक वाक्य पुरले असते: आमच्या वस्तीत बिमारही नाव लिहितेत, माही माय लिहायची. ते वाक्य त्याच्या जिभेवर होते. पण त्या कचेरीत त्या आजाराला 'त्या लोकांचा आजार' म्हणत, आणि असे म्हणताना कोणाचा आवाज कधी बदलत नसे. अश्विन शहरात भाड्याने राहत होता, गाव विचारले तर चिमूर सांगे, वस्ती सांगत नसे. त्या एका वाक्याने त्याची माय, त्याचे घर आणि त्याचे रक्त गुणवंतरावांच्या टेबलावर चहाच्या कपांशेजारी येऊन बसले असते. तो वळला. खुर्चीत जाऊन बसला. फ्रेमवर्कच्या भाषेत ओळीच्या सुरुवातीला एक हॅश, म्हणजे # हे चिन्ह, दिला की ती ओळ यंत्र वाचत नाही. ती तिथेच असते, पण नसल्यासारखी. त्याने भागीरथाच्या चाचणीच्या प्रत्येक ओळीपुढे हॅश दिला. मग सगळ्या चाचण्या चालवल्या. सगळे हिरवे झाले. 'सर्व चाचण्या यशस्वी' या वाक्याखाली त्याने सही केली. समितीने ते वाक्य पुढे अहवालात जसेच्या तसे उतरवून घेतले. विद्वानांच्या समित्यांना उतरवून घेण्याची आवड असतेच.

आपण ते नंतर दुरुस्त करू, असे त्याने स्वतःला बजावले. 'नंतर' हा शब्द त्याने फेब्रुवारीत वापरला, मार्चमध्ये वापरला. पुढे वापरायची गरज उरली नाही, कारण आठवण येणेच थांबले. किंवा तो तसे समजत होता.

फेब्रुवारीत चिमूरच्या त्याच वस्तीतल्या रिना रामटेकेचे रक्त तपासणीसाठी नागपूरला गेले होते. वर्ष-दीड वर्ष रक्त घेत आल्यामुळे तिच्या शरीराने परक्या रक्तातल्या एका घटकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती. नागपूरने कळवले: तो घटक असलेले रक्त या मुलीला पुन्हा कधीही देऊ नये. ही सूचना फार महत्त्वाची असते, कारण अशी प्रतिपिंडे काही महिन्यांत इतकी विरळ होतात की साध्या जुळवणीत दिसत नाहीत. दिसत नाहीत, पण असतात. मग आठवण ठेवण्याचे काम नोंदीने करायचे. नाहीदने फॅक्स वाचला, रिनाला समोर बसवून तिची नोंद उघडली आणि सूचना लाल अक्षरांत भरली. फॅक्सचा तो चकचकीत कागद पावसाळ्यापर्यंत अक्षरे उडून कोरा पडला, सगळे पडतात तसा. समितीने पुढे 'कोरा कागद' हा नाहीदविरुद्धचा पुरावा मानला.

एप्रिलमध्ये चिमूरला शिबिर झाले. रिना रांगेत बसली, नाकारली गेली, केळे घेऊन घरी गेली. नाकारलेल्यांचीही नोंद होत असे; केंद्राच्या प्रणालीने तिला ओळखले आणि त्याच मूळ नोंदीला 'दाता' असे दुसरे पोर जोडले. रचना नेमकी ठरल्याप्रमाणे चालली होती.

जुलैत तपासणी पथक यायचे होते. केंद्राच्या व्यवस्थापकांनी हुकूम केला की नाकारलेल्या दात्यांची गर्दी यादीतून काढून टाका, आकडे वाईट दिसतात. पडद्यावर त्यासाठी एक बटण होते. तेही अश्विननेच बनवलेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत नाहीदचा फोन आला.

"अश्विनभाऊ, ते 'सर्व काढून टाका' दाबाले सांगून राह्यले साहेब. दाबू काय? यात आपले पेशंट तर नाई ना काही?"

मागे कोणीतरी रेडिओ लावला होता. अश्विनने घास गिळला. त्या गिळण्याइतका वेळ त्याच्या डोळ्यांसमोर हॅशने झाकलेल्या ओळी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यातले ते नाव. आता सांगायचे तर जानेवारीत का नाही सांगितले तेही सांगावे लागले असते.

"नाई मॅडम," तो म्हणाला. "दाते वेगळे, रुग्ण वेगळे. दाबा बिनधास्त."

"बरं झालं विचारलं. मले उगाच धडधड होऊन राह्यली होती."

तिने दाबले. यादी स्वच्छ झाली. पथक समाधानाने परत गेले.

ऑगस्टमध्ये रिनाला रक्त द्यावे लागले. पडद्यावर तिचे नाव सापडले नाही. नाहीद त्या आठवड्यात रजेवर होती. तिच्या जागी बसलेल्या माणसाने नवी नोंद केली, गट जुळवला, जुळवणी स्वच्छ आली, आणि पिशवी लागली. आठवड्याने ठमाबाई, रिनाची आई, तिला पुन्हा घेऊन आली. डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी. मूत्रपिंडे थकली होती. नागपूरने फोनवर विचारले की आमची फेब्रुवारीची सूचना वाचली नाही काय. केंद्राने पडद्यावर पाहिले, सूचना नव्हती. आठवड्याची जतन केलेली प्रत पाहिली. ती दर आठवड्याला नव्या प्रतीने पुसली जात असे, त्यामुळे तिथेही नव्हती. सूचना आली होती हे सिद्ध झाले आणि भरलेली नव्हती हे दिसत होते. समिती नेमण्यापूर्वीच समितीचा निष्कर्ष तयार झाला.

'नोंदच नाही' हे शब्द अश्विनच्या कानावर आले तेव्हा कचेरीत तो एकटा होता. त्याने जुनी फाइल उघडली, भागीरथाच्या ओळींपुढचे हॅश एकेक करून काढले आणि चाचणी चालवली. पडदा लाल झाला. जुळणारी नोंद अस्तित्वात नाही.  मग जिन्यावर गुणवंतरावांची चप्पल वाजली, आणि त्याने हॅश परत दिले. जानेवारीत ते देताना त्याला काय होईल हे माहीत नव्हते, असे कोणी दयाळूपणे म्हणू शकेल. या खेपेला तशी सोय नव्हती.

अहवाल वाचल्यावर तो रुग्णालयात गेला. रिना खाटेवर उशीला टेकून बसली होती, अंग सुजलेले, पण बोलणे शाबूत. ठमाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. तिने त्याला ओळखले आणि स्टूल पुढे सरकवला.

"ये बाबू. भागीरथाबाईचा पोरगा आला वं रिना."

"मालूम हाय. शिबिरात माह्या हातचं केळ पळवून नेलं होतं यानं," रिना म्हणाली. "काय रे अश्विनदादा, तुह्या कंप्युटरनं मले मारूनच टाकलं म्हन्तेत. नावच नाई. मी म्हटलं, जित्ती हाय ना मी, बोट लावून पाहा."

अश्विन स्टुलावर टेकला.

"तू त कंप्युटरातलाच हाय," ठमाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "त्या मुसलमानाच्या पोरीनं काऊन नसन लिहिलं? आपल्याशी काय दुश्मनी? लोकं म्हन्तेत, मुद्दाम..."

"मा, गप बस," रिना म्हणाली. "लिहिलं होतं तिनं. माह्यासमोर लिहिलं. लाल अक्षर दाखवलं मले. म्हणे, हे पाहून ठेव, कोनी रक्त लावाले आलं तर पहिले हे सांग. मीच सांगाले भुलली. तापात होती ना." तिने पाठीमागची उशी सरकवली. "समितीच्या साहेबाले सांगतलं मी हे. ते म्हणे, पेशंटची साक्ष नाई चालत. पेशंटचं काय चालते मंग?"

ठमाबाईने पदराने तिचे कपाळ पुसले. तिच्या मनातली शंका गेली नाही, हे अश्विनला दिसले. 'संबंधित कर्मचारी' असा निनावी शब्द सोडला की गाव त्याला हवे ते नाव, हवी ती जात आणि हवा तो धर्म जोडून घेते. ते काम समितीला करावे लागत नाही. आणि ती शंका या बाईच्या मनात पोचली होती ती तिच्यापासून दोन हातांवर बसलेल्या माणसाच्या सहीवरून.

"तू काही कर ना रे दादा," रिना म्हणाली. "त्या बाईचं काही बिघडू देऊ नको."

तो काहीतरी पुटपुटून निघाला.

अहवालानंतर समितीने शनिवारी अखेरची बैठक ठेवली. नाहीदने चूक मान्य करणारे पत्र दिले तर पोलिसांत जाणार नाही, नुसते कामावरून कमी करू, असे तिला सांगण्यात आले होते. तंत्रज्ञ म्हणून तिची नोंदणीही मग राहणार नव्हती, हे सांगितले नव्हते, पण तिला कळत होते. शुक्रवारी अश्विन जटपुरा गेटजवळच्या तिच्या वडिलांच्या दुकानात गेला. बाबूभाई घड्याळे दुरुस्त करत. डोळ्यात भिंग अडकवून ते एका मनगटी घड्याळावर वाकले होते. मागे नाहीद प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली.

"या अश्विनभाऊ. अब्बा, हे ते प्रोग्रामवाले."

बाबूभाईंनी भिंग काढले नाही. "बसा बाबू. लोक म्हन्तेत मशीन झूठ नाई बोलत. मी उमरभर घड्या खोलून राह्यलो. माह्याकडे त झूठ बोलनाऱ्याच घड्या येतेत."

"अब्बा."

"मजाक करून राह्यलो बेटा. चाय सांगतो." ते उठले आणि बाहेर गेले. मुद्दामच गेले असावेत.

अश्विनला वाटले होते की ती विचारील: तुम्हीच दाबा म्हणाला होतात ना? त्याने दोन-तीन उत्तरे तयार करून आणली होती. तिने ते विचारले नाही.

"अश्विनभाऊ, मी पत्र लिहून देऊन राह्यली," ती म्हणाली. "तुम्ही चाचण्या केल्या, सगळ्या पास झाल्या. समितीनं दाखवलं मले. मंग मीच कुठी चुकली असन. पहिले मले पक्कं याद होतं, मी लाल अक्षर भरलं, सेव्ह केलं. पन आता रोज तेच आठवून आठवून मले सेव्हचं बटनच दिसत नाई. कदाचित दाबलंच नसन. फोन आला असन, कोनी हाक मारली असन." तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "ते पोरगी म्हन्ते, दाबलं. मले वाटते, बिचारी माह्यासाठी झूठ बोलून राह्यली. तिले सांगा, नको म्हणा."

अश्विनने आजवर स्वतःच्या गुन्ह्याचा जो हिशेब मनात मांडला होता त्यात रिनाची मूत्रपिंडे होती, नाहीदची नोकरी होती. हे नव्हते. त्याच्या सहीने एका खऱ्या बाईच्या डोक्यातली खरी आठवण पुसली जात होती, आणि तिच्यासाठी खरे बोलणारी आजारी पोर तिला खोटी वाटू लागली होती. एक वरची नोंद काढली की तिला लटकलेले सगळे जाते. हा नियम त्याला पाठ होता.

"मॅडम, जुलैत तुम्ही मले फोन केला होता."

"हो. तुम्ही बिचारे जेवून राह्यले होते." ती हसली. "तुमचं नाव मी कुठी नाई घेतलं हां. तुमचा काय संबंध. तुम्ही बरोबरच सांगतलं होतं."

बाबूभाई चहा घेऊन आले. अश्विनने तो संपवला.  "ते पत्र उद्या मी बोलल्याशिवाय देऊ नका," एवढे तो म्हणाला आणि उठला. बाबूभाईंनी भिंगातून त्याच्याकडे पाहिले.

बैठक केंद्राच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर हिरवे कापड, प्रत्येकापुढे पाण्याचा झाकलेला पेला. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. कोपऱ्यात केंद्राचा लिपिक इतिवृत्त लिहायला बसला होता. नाहीद दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर घडी केलेला कागद. गुणवंतरावांनी अश्विनला शेजारी बसवून घेतले होते आणि गाडीत येताना बजावले होते, विचारलं तेवढंच सांग.

"श्री. खोब्रागडे," अध्यक्ष म्हणाले, "आपल्याला केवळ एका गोष्टीची पुष्टी करायची आहे. सर्व चाचण्या यशस्वी झाल्या होत्या?"

"ज्या चालवल्या त्या झाल्या."

"म्हणजे सर्व."

"नाई साहेब. एक मी बंद केली होती."

गुणवंतरावांचा हात टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर येऊन पडला. "थकला आहे पोरगा," ते अध्यक्षांना म्हणाले. "रात-दिवस काम करून राह्यला."

"कशाची चाचणी?" अध्यक्षांनी विचारले.

अश्विनने सांगितले. मूळ तक्ता, पोटतक्ते, काय पुसले की काय जाते. चौदा एप्रिलची रांगही सांगितली, आणि ती सांगताना आईचे नाव घेतले, वस्तीचे घेतले. गुणवंतरावांचा हात निघून गेला. नाहीद मांडीवरच्या कागदाकडे पाहत होती. तिने तो उलगडला नाही, फाडलाही नाही. नुसता दोन्ही हातांनी धरून ठेवला.

 मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि ते लिपिकाकडे वळून सांगू लागले: "लिहा. प्रणालीत काही तांत्रिक स्वरूपाची त्रुटी राहून गेली असण्याची शक्यता विकासकाने व्यक्त केली..."

"नाई," अश्विन म्हणाला. "राहून नाई गेली. मी बोलतो तसंच लिहा. एक शब्द बदलू नका."

लिपिकाने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी पाण्याच्या पेल्यावरचे झाकण उचलून पुन्हा ठेवले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची भाषा शुद्ध करून दिली होती. त्या दिवशी त्यांनी ती केली नाही, हे त्यांच्या नावे जमा धरले पाहिजे. त्या इतिवृत्तात बाकी सगळा मजकूर सरकारी वळणाचा आहे. शेवटचा परिच्छेद तेवढा नाही:

"चाचणी मीच लिहिली होती आन् ते नापास झाली होती. बिमार मानसंही दात्यांत नाव लिहितेत हे मले मालूम होतं, काऊनकी माही माय लिहित होती. ते सांगाची मले लाज वाटली, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी चाचणी बंद केली आन् सगळ्या पास झाल्या म्हणून सही केली. जुलैत नाहीद मॅडमनं मले फोनवर विचारलं, यात आपले पेशंट तर नाई ना. मले तेव्हा आठवलं होतं. आठवूनही मी नाई म्हटलं. मॅडमनं नोंद भरली होती, सेव्हही केली होती. ते खरं सांगून राह्यली आन् रिनाही खरं सांगून राह्यली. बटन मॅडमनं दाबलं, पन रिनाले पुसलं मी."